सिंधुताराची चंद्राआत्या

आईचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. "कोण, तू हाय व्हय?" ही तिची नेहमीची सुरुवात. फोन स्वतः लावायचा आणि वर मलाच विचारायचं. मग म्हणाली, "वन्सं गेल्या. सकाळी च्या घिऊन गेले तर अंग गार." मी काही बोलायच्या आत तिनं पुढचंही सांगून टाकलं, "च्या वाया कशाला घालवायचा म्हून मीच पिले." माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमची चंद्राआत्या, नव्वदीला टेकून गेली आणि तिच्या मरणाची बातमी मला अशी, एका कप चहासकट मिळाली. त्याला आता दोन-अडीच महिने झाले. भेटायला आलेला प्रत्येक जण 'सोन्यासारखं माणूस गेलं' म्हणत होता आणि मी मान हलवत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं. पण तो नियम पाळायचा तर आत्याबद्दल बोलायला फारसं उरतच नाही... आणि मला तर बोलायचं आहे.

माझं नाव सिंधुतारा. काउंटरवरची पाटी वाचून रोज एखादं तरी गिऱ्हाईक विचारतं, "म्हंजे काय हो मॅडम?" त्याला मी शाळेतल्या संस्कृतच्या बाईंचं उत्तर देते. बाईंनी फळ्यावर नावाचे दोन तुकडे करून सांगितलं होतं की सिंधू म्हणजे समुद्र आणि तारा म्हणजे चांदणी; समुद्रात वाट चुकलेल्यांना जी दिशा दाखवते ती सिंधुतारा. अख्खा वर्ग खिदळला. सोलापुरात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं समुद्र आणायचा कुठून! पण मला तो अर्थ भारी आवडला. सुनीता आणि संगीता तेव्हा पायलीच्या पन्नास होत्या. माझ्या नावाची दुसरी मुलगी शाळेत नव्हती आणि पुढे आयुष्यातही कुठे भेटली नाही. मी त्या दिवशी पळत घरी गेले आणि चुलीपाशी बसलेल्या आईला तो अर्थ सांगितला. तिनं भाकरी उलटली. "आसंल," म्हणाली. एवढंच.

बाईंना अर्थ ठाऊक होता, पण नाव आलं कुठून हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मला आत्यानं सांगितलं, आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला आमच्याकडे दरवर्षी पुरणाचा स्वयंपाक व्हायचा. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी ते पान वाढतात. ते कुणासाठी, असं मी एकदा विचारलं तेव्हा आत्यानं मला देवघरातला चांदीचा छोटा टाक दाखवला. आई तो दर सणाला चिंचेनं घासून लखलखीत करायची. "ही सिंधू," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाची पहिली बायको. माझी मैत्रीण. मीच आणली होती तिला या घरात." सिंधू पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळासकट. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं, माढ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी. ती माझी आई. आत्या तेव्हा टेंभुर्णीचं सासर सोडून कायमची माहेरी आलेली होती. नव्या वहिनीनं मैत्रिणीच्या चुलीला हात लावला, हा गुन्हा तिनं कधीच माफ केला नाही.

मी झाले तेव्हा आईनं वडिलांपाशी एकच मागणं मागितलं होतं, की मुलीचं नाव तारा ठेवायचं. वडील बरं म्हणाले. ते सगळ्यांनाच बरं म्हणायचे. पण पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि एकदा कानात पडलेलं नाव बदलायचं म्हणजे अपशकुन. बारशाला आत्या पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं आणि सिंधुतारा हे नाव मोठ्यानं सांगितलं. बायका म्हणाल्या, अगंबाई, किती वेगळं नाव! पलीकडे ओल्या बाळंतिणीचा चेहरा कसा झाला होता, हेही आत्यानं मला हसत हसत वर्णन करून सांगितलं. आपलं मागणं पुरं झालं असं आईला म्हणताही येईना आणि नाही असंही म्हणता येईना. सवतीचं नाव पुढे आणि तिचं मागे, घरातल्या पंगतीसारखंच.

आईनं सुरुवातीला मला तारा म्हणून पाहिलं. आत्या लगेच टोकायची, "अर्धं नाव घेऊ नये वहिनी. पोर अर्धवट निघंल की." मग आईनं हाक मारणंच सोडून दिलं. मी तिच्यासाठी 'ए पोरी' झाले, 'अगं ए' झाले, फोनवर 'तू हाय व्हय' झाले. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर मी तिच्या गळ्यात पडले तेव्हाही तिनं 'पोरी' असंच म्हटलं. पन्नाशी जवळ आली माझी, तरी आईच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलं नाही. आत्याच्या तोंडून मात्र ते दिवसातून कितीदा यायचं त्याला गणती नव्हती. गच्चीवरून ती "सिंधुताराऽऽ" अशी लांबवून हाक मारायची, तेव्हा तिचा तो करवतीसारखा आवाज साखरेत घोळल्यासारखा गोड व्हायचा. लहानपणी मी त्या हाकेवर जीव टाकायचे. मी सासरी जायला निघाले की ती शेंगाचटणीचा डबा भरून द्यायची. मला ती आवडते का, हे तिनं कधी विचारलं नाही. सिंधूला आवडायची.

वडील गेले, आत्या अंथरुणाला खिळली आणि तिचं सगळं आईवर आलं. अंग पुसणं, जेवण भरवणं, कपडे बदलणं. आई ते सगळं चोख करायची. एक उणा शब्द नाही, एक भांडं आपटणं नाही. गल्ली आईचे गोडवे गायची. मला मात्र त्या शांतपणाची भीती वाटायची. आत्या जायच्या आधीच्या रविवारी मी तिच्या खोलीत बसले आणि दार लोटून घेऊन सरळ बोलले. म्हटलं, "आत्या, आई तुझी घाण काढते. तिला एकदा बोलावून 'चुकलं' म्हण. माझं नाव आईच्या तोंडून मला एकदा ऐकायचंय." तिनं डोळे उघडले. त्या डोळ्यांत पश्चात्ताप शोधणं म्हणजे आंधळ्यापुढे आरसा धरणं. "कशाचं चुकलं?" ती म्हणाली. "मला सिंधूला हाक मारायची होती. मेलेल्या माणसाला हाक मारली तर लोक येडी म्हणतात. तू जन्मलीस, सोय झाली." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्यासाठी कुठं ठेवलं होतं ते नाव?"... मी उठले. मागून तिनं हाक मारली, पूर्ण नावानं, गोड. मी वळले नाही. ती हाक माझी नव्हतीच.

आत्याचं तेरावं उरकलं आणि मागोमाग माझ्या धाकट्या भावाला, अभयला, मुलगी झाली. केतकीला, त्याच्या बायकोला, आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. नवरा-बायकोनं मीरा हे नाव ठरवलं होतं, पण केतकीची चुटपुट चालूच होती, "ताई, मीरा फार कॉमन झालंय. तुमच्यासारखं कुणाचंच नसलेलं काहीतरी पाहिजे होतं." बारशाच्या सकाळी आई स्वयंपाकघरात घुगऱ्या परतत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नावात चंद्रा घाल."

मला वाटलं वय बोलतंय. "आई, जन्मभर छळलं तिनं तुला. तिचं नाव तुला या घरात परत हवंय?"

"व्हय," आई म्हणाली. "जित्ती व्हती तवर कधी ए म्हणता आलं न्हाय तिला. वन्सं, वन्सं म्हणून जीभ झिजली माझी. आता माझ्या मांडीवर ईल की. ऊठ म्हणलं की उठंल, गप म्हणलं की गप ऱ्हाईल."

पन्नास वर्षांत आईनं माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं, हे पहिलंच. नाही म्हणायला हवं होतं, हे मला समजत होतं. त्या लेकराचा काय दोष? पण पाळण्यापाशी बायका जमल्या, मानाची आत्या आता मी होते, आणि मी वाकले तेव्हा मला आईची बाजू घ्यायचा आनंद झाला, दुष्ट आनंद झाला. मी चंद्रमीरा असं नाव सांगितलं. बायका म्हणाल्या, अगंबाई, किती वेगळं! केतकीनं तिथंच फोनवर शोधून पाहिलं. या नावाची एकही मुलगी सापडली नाही म्हणून तिला कोण हर्ष झाला.

आता मी रविवारी माहेरी जाते तेव्हा आईचा आवाज रस्त्यावरच ऐकू येतो. आयुष्यभर दबून बोललेली बाई खणखणीत ओरडत असते, "चंद्रे, गप! लई नखरं झालं तुजं चंद्रे!" शेजारणी म्हणतात, आजीला नातीचं काय वेड! हा लेख लिहायला बसण्याआधी परवा मी गेले होते. आत्याच्या कॉटवर आई पाय पसरून बसली होती आणि पायांवर पालथं घालून त्या तान्हीला तेल चोळत होती. लेकरू ओरडत होतं आणि आई हसत होती. मी उंबऱ्यात थांबले. मला पाहताच तिनं पोरीला सुलटं केलं, तिची मान माझ्याकडे वळवली आणि मोकळ्या, भरल्या आवाजात म्हणाली, "रडू नगं चंद्रे. ती बघ, कोण आलंय. आत्या आली."