मावशीनं खाणीतून आणलेला माणूस

माझी मावशी खाणीत पाळणा चालवायची. माणसांना खाली-वर नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याला तिथे सगळे पाळणाच म्हणत. मावशी तेव्हा छत्तिशीची होती आणि तिचं लग्न दोनदा जुळता जुळता फिसकटलं होतं. "जन्मभर पाळणा हलवला, पण आत सगळी मिशावाली बाळं," असं ती स्वतःच म्हणायची, दुसऱ्या कोणी काही बोलायच्या आत. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, या विनोदावर कधी हसली नाही.

खरं तर खाण केव्हाच बंद पडली होती. धातू संपला, माणसं पांगली. मग विद्यापीठातली भौतिकशास्त्राची मंडळी आली आणि त्यांनी सगळ्यात खोलातला एक बोगदा मागून घेतला. त्यांना काळ मोजायचा होता. जमिनीच्या पोटात घड्याळ वरच्यापेक्षा किंचित हळू चालतं, हे माहीत असलेलंच होतं; त्यांच्या प्रमुख प्रोफेसरबाईंना त्याच्या पुढचं पाहायचं होतं. त्यांनी बोगद्यात जड धातूचा एक अजस्र ढोल बसवला होता आणि तो भयंकर वेगानं फिरायचा.

"चमच्यानं पाणी ढवळलं की भोवतीचं पाणी चमच्यामागे ओढलं जातं ना," बाईंनी मावशीला पाळण्यात समजावलं होतं, "तशी जड वस्तू फिरली की भोवतीचा काळही थोडा ओढला जातो. अगदी थोडा. तो थोडा म्हणजे किती, एवढंच मला बघायचंय."

"ओढून नेतो कुठे?" मावशीनं विचारलं.

"ते तुम्हाला कळलं तर मी पाळणा चालवते आणि तुम्ही माझी खुर्ची घ्या," बाई म्हणाल्या.

ढोलाच्या मागे बोगदा थोडा पुढे जाऊन दरडीनं बुजलेला होता. तिथे भिंतीतून पाणी झिरपायचं आणि ते पुसून काढायचं काम मावशीकडे होतं. एके दुपारी ढोल फिरत असताना ती बादली घेऊन मागे गेली, तर दरड नव्हती. बोगदा सरळ पुढे गेलेला, छताला ताज्या लाकडाचे टेकू दिलेले, आणि एक माणूस कंदील बाजूला ठेवून नवा टेकू ठोकत होता.

त्यानं तिला पाहिलं आणि हातोडा दोघांच्या मध्ये आडवा धरला. "खाणीत बाया येत नाहीत," तो म्हणाला. "तू जिवंत आहेस का?"

"मला तरी तसंच वाटतंय."

"भुतंही असंच म्हणत असतील."

मग त्यानं कंदील तिच्या तोंडाजवळ नेला. मावशी घामानं निथळत होती. "भुताला एवढा घाम येत नाही," असं म्हणून त्यानं हातोडा खाली ठेवला.

छताला लाकडी टेकू द्यायचं त्याचं काम, म्हणून सगळे त्याला टेकूच म्हणत. एकोणतीस वर्षांचा, आईबाप गेलेले, घरी सहा वर्षांची बहीण, चिंगी. तो कामावर असला की शेजारची काकू तिच्याकडे बघायची. बोलता बोलता तो म्हणाला, लढाई संपून वर्ष होत आलं तरी साबण मिळत नाही. चांगलं लाकूड लढाईनं खाल्लं, आता मालक काड्या देतो आणि म्हणतो डोंगर उचल. मावशीनं ती लढाई शाळेत पाठ केली होती. समोरचा माणूस सत्तर वर्षांपलीकडे उभा आहे हे तिला कळलं, आणि ती बादली घेऊन परत आली.

पण दुसऱ्या दिवशी ढोल सुरू झाल्यावर ती पुन्हा गेली. मग रोजच जायला लागली. डबा दोघांत व्हायला लागला. त्यानं तिला बसायला उरलेल्या लाकडाचं एक बुटकं स्टूल करून दिलं. लाकूड मोडायच्या आधी बोलतं, असं तो म्हणायचा, आणि दोघं गप्प बसून छताची कुरकुर ऐकायचे. महिनाभरानं तिनं त्याला खरं सांगितलं. तो आधी हसला. मग तिनं खिशातला फोन काढून त्याला त्याचाच आवाज ऐकवला, तेव्हा त्याचं हसू मावळलं. त्यानं फोन उलटसुलट करून पाहिला. शेवटी विचारलं, "तुमच्याकडे छतं कशावर उभी असतात?"

"सिमेंटवर."

"मग माझ्यासारख्यांचं काय होतं?"

"माझ्यासारख्यांचं जे होतं तेच. दुसऱ्या कामाला लावतात."

एकदा निघताना तो तिला म्हणाला, "तू गेलीस की माझी दुपार संपते." छत्तीस वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं पाळणा इतक्या जोरात वर आणला की प्रोफेसरबाईंचा चष्मा पडला.

आणि याच सुखाला कीड होती. त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं की लढाईनंतरच्या वर्षी खाणीत पाणी घुसलं होतं. शेजारच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या बोगद्याची भिंत एका सकाळी फुटली आणि पाळीवरची बहुतेक माणसं गेली. एकाचा देह कधीच सापडला नाही. तिकडचा एक दिवस म्हणजे इकडचाही एकच दिवस, आणि टेकूच्या बोलण्यातून मावशीला दिसत होतं की ती सकाळ जवळ येत चालली आहे.

तिनं बाईंना पाळण्यात विचारलं, सहज विचारल्यासारखं. "समजा कोणी मागच्या काळात गेलं आणि होणारा अपघात आधीच सांगितला. टळेल?"

बाईंना असले प्रश्न आवडायचे. "माझं मत विचाराल तर नाही. झालेलं झालेलंच राहतं. तुम्ही तिथे गेलात, तर तेव्हाही तुम्ही तिथे होतातच. इतिहासात तुमची जागा आधीपासून धरलेली असते. नवी जागा मिळत नाही."

मावशीनं ते ऐकलं आणि तिच्या मनानं एकच गोष्ट घट्ट धरली: एक देह सापडला नव्हता, म्हणजे एक जण तिथून निसटला असू शकतो. टेकूला सांगितलं तर तो बाकीच्यांना सोडून येणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं सांगितलं नाही.

"उद्या सुट्टी घे," ती त्याला म्हणाली. "एक दिवस माझ्या घरी ये. माझं जग बघ."

त्याला केव्हापासून यायचंच होतं. चिंगीला काकूकडे सोडून, परवा येतो असं सांगून तो आला. ढोलाला वळसा घालून, कचरा नेतात त्या बाजूनं मावशीनं त्याला वर आणलं.

त्या संध्याकाळी तो मावशीच्या दोन खोल्यांत हिंडत राहिला. नळ सोडून बघितला, बंद केला. खिडकीच्या चौकटीवर बोटांनी वाजवून म्हणाला, "हे कोणी बसवलं? तिरकं आहे." मावशीला वाटलं, जमलं. सकाळी ती उशिरापर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून बसली. दुपार झाली, आता तिकडचं सगळं उरकलं असणार असा हिशेब केला, आणि मग तिनं सांगितलं.

तो ताडकन उठला. "तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू आला नसतास."

"मग तेच माझं उत्तर होतं."

तो अनवाणीच खाणीकडे धावत सुटला. मावशी त्याच्या मागे. प्रोफेसरबाई खालीच होत्या. अंगावर माझ्या मामाचा जुना शर्ट घातलेला अनोळखी माणूस त्यांच्यापुढे हात जोडून, ढोल सुरू करा म्हणत होता, आणि मावशीनं चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. बाईंनी एकदा त्याच्या हातांवरचे घट्टे पाहिले, एकदा मावशीचा चेहरा पाहिला, आणि कळ दाबली.

ढोलानं वेग घेतला. दरड विरघळल्यासारखी दिसेनाशी झाली, आणि तिच्या जागेवरून पाणी आलं. काळं, गार, गुडघ्याच्या वर. पाण्याबरोबर लाकडं आली, एक टोपी आली. टेकू त्या पाण्यात शिरायला गेला आणि पाण्यानंच त्याला मागे आणून टाकलं. तो नावं घेऊन हाका मारत होता. मग पाणी ढोलात गेलं, काहीतरी कडाडलं, ढोल थांबला. समोर पुन्हा दरड. दोन्ही काळ एकमेकांना पारखे झाले ते कायमचेच. गुडघाभर पाणी मात्र इकडे राहिलं आणि नंतर पंप लावून उपसावं लागलं.

बाईंनी तो ढोल दुरुस्त केला नाही. खात्याला कळवलं की गळतीनं यंत्र खराब झालं. मावशीला त्या एवढंच म्हणाल्या, "मला काळ मोजायचा होता. माणसं ओढून आणायची नव्हती." पुढे त्या दुसऱ्या शहरात निघून गेल्या.

टेकू मावशीच्या बाहेरच्या खोलीत राहिला. जाणार कुठे? एका सुताराकडे काम धरलं. जेवायला बोलावलं की यायचा, ताट घासून ठेवायचा, बोलायचा नाही. मी सुट्टीला गेले की दोघं माझ्याशी भरभरून बोलायची, आणि माझ्या लक्षात यायचं की आठवडाभराचं साठलेलं सगळं माझ्यावर ओतलं जातंय. आई म्हणाली, "हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार?" मावशी म्हणाली, "तो भिजलाय, ताई. वाळायला वेळ लागेल."

मग त्यानं चिंगीचा शोध घेतला. पंच्याहत्तरी ओलांडलेली चिंगी जवळच्याच शहरात मुलीच्या घरी होती, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत. मावशी त्याच्याबरोबर गेली. दारात उभ्या राहिलेल्या तिशीतल्या माणसाकडे म्हातारीनं बराच वेळ पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "परवा येतो म्हणाला होतास."

तो दारातच उभा राहिला.

"बस आता. वर बघून मान दुखते माझी."

तो तिच्या पायाशी बसला. तिनं त्याच्या भुवईवरचा व्रण अंगठ्यानं चाचपला आणि मग सगळं सांगितलं. त्या दिवशी टेकू कामावर नव्हता म्हणून त्याच्या जागी काकूचा मुलगा उतरला. तो परत आला नाही. काकूला त्यानंतर चिंगीचं तोंड बघवेना. चिंगी मग या घरातून त्या घरात भांडी घासत वाढली. "लोक म्हणायचे, तुझा भाऊ बुडाला. काकू म्हणायची, पळाला. मी ठरवलं होतं, पळालाच असशील. बुडालेला परत येत नाही ना."

"कोणीच वाचलं नाही?" त्यानं विचारलं.

"तिघं वाचले. वरच्या कपारीत अडकले होते, पाणी गळ्यापर्यंत आलेलं. एकदम हातभर उतरलं म्हणे. का उतरलं, कोणाला कळलं नाही."

मावशीनं टेकूकडे पाहिलं. ते पाणी कुठे गेलं होतं हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. तिनं ते म्हातारीला सांगितलं, जसं जमेल तसं. म्हातारीला ढोल आणि काळ किती कळला कोण जाणे, पण तिनं मान डोलावली. "तिघं. चांगलं झालं. काकूचा मुलगा त्यांत नव्हता." मग मावशीकडे वळून म्हणाली, "तू चोरलास होय माझा भाऊ? लग्न केलंस का त्याच्याशी?"

"नाही."

"मग चोरलास कशाला?"

त्या घरात अडचणच होती, म्हणून महिन्याभरात म्हातारी मावशीकडे राहायला आली, आणि तिच्याच धाकानं दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. हिला वन्सं म्हणायचं की आजी, हा प्रश्न मावशीला शेवटपर्यंत सुटला नाही. नात्यानं धाकटी नणंद, वयानं आजेसासू. शेजारी टेकूकाकाला तिचा नातू समजायचे. ती त्याला सगळ्यांदेखत दादा म्हणायची, आणि लोक समजुतीनं हसायचे: वय झालं की असं होतं.

तिच्या शेवटच्या दोन वर्षांत मावशीनं तिचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. मावशीच्या हातून घास घेता घेता म्हातारी म्हणायची, "हिनं माझा भाऊ चोरला." मावशी म्हणायची, "हो वन्सं, चोरला. तोंड उघडा." यात गंमत नव्हती. दोघींनाही ते खरंच वाटत होतं. टेकूकाका पलीकडे बसून ऐकायचा. त्या दिवसांत मी त्याला मावशीच्या दुखऱ्या पाठीला तेल चोळतानाही पाहिलं आहे आणि तिच्या साध्या प्रश्नाला उत्तर न देता उठून जातानाही. प्रेम होतं की नव्हतं, असं कोणी विचारलं तर मी होतं म्हणेन. पण आभाळच फाटलेलं, ठिगळ लावणार कुठे?

म्हातारी गेली तेव्हा मावशीला वाटलं, आता याला इथे धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. तिनं त्याचे चांगले कपडे धुतले, इस्त्री केले, बॅगेत भरले आणि बॅग दाराजवळ ठेवली. त्यानं बॅग पाहिली आणि तो कामावर गेला. ती बॅग तशीच पडून राहिली. केर काढताना मावशी ती उचलायची आणि परत जागेवर ठेवायची.

नंतर एका सकाळी त्याला कामावर जायला धड शर्ट सापडेना. तो दाराजवळ गेला, बॅग उघडली, वरचा शर्ट काढून घातला आणि बटणं लावत स्वयंपाकघरात आला. "आज डबा थोडा जास्त दे," तो म्हणाला, "यायला उशीर होईल."

मावशीनं डबा भरून दिला. बॅगेतले बाकीचे कपडे तिनं काढून ठेवले नाहीत. तो लागेल तसा एकेक काढत गेला.