हिरीच्या मापाचे बूट

उतारावर पाय सटकला तेव्हा मी पडले, त्याचं काही वाटलं नाही. खांद्यावरची बॅग उलटी झाली आणि मेंबरांच्या गोल्फच्या काठ्या ओल्या गवतावरून घरंगळत खाली गेल्या, त्याचं वाटलं. ज्यांची बॅग होती ते म्हातारे मेंबर रागावले नाहीत. वाकून दोन काठ्या त्यांनीच उचलून दिल्या, म्हणून जास्तच मेल्यासारखं झालं. माझ्या पायात कापडी बूट होते, तळ झिजून गुळगुळीत झालेला.

संध्याकाळी सुपरवायझरनी दारातच थांबवलं. "सोमवारपासून काट्यांचे बूट पाहिजेत पायात. नाहीतर परत गवतात जा."

खालापूरजवळच्या या गोल्फच्या मैदानावर मी दोन वर्षं उकिडवी बसून रानगवत वेचलं. मग मेंबरांचे बूट पुसायच्या खोलीत होते. बॅग उचलायला या वर्षीच घेतलं. ते उभ्यानं करायचं काम आहे, चालता चालता माणसं दोन शब्द बोलतात. गवतात परत बसायचं मनात आलं की गुडघ्यांच्या आधी मान खाली जायची.

चांगला बूट मला हातात घेतल्यावर कळतो. तो चवड्याजवळ वाकतो, मधे वाकत नाही. टाच दाबली तर आत जात नाही. तळाचे प्लॅस्टिकचे काटे फिरवून काढता येतात, झिजले की नवे बसवायचे. पण हे सगळं ज्ञान दुसऱ्यांच्या पायांचं. माझा पाय मला दुकानात पुढे करता येत नाही. लावणीच्या चिखलानं बोटं फाकलेली, टाचांना भेगा. आणि दुकानदार खाली बसून पाय हातात घेतो. लग्नाआधी कर्जतला चपला घ्यायला गेले होते, तिथे वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी बसला. मी पाय ओढून घेतला आणि अनवाणीच बाहेर आले. तेव्हापासून माझ्या चपला घरचं कुणीतरी आणतं, हिरीच्या मापानं. खराट्याची एक हीर काढायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची आणि तिथे मोडायची. जाणारा ती खिशात घालून जातो.

चौक गावात हायवेलगत एका दुकानात असले बूट मिळतात, असं बरोबरच्या बायका म्हणाल्या. आमचे मालक टेंपो घेऊन तिकडून जाणारच होते. मी उंबऱ्यावर बसून हीर मोडली आणि त्यांच्या हातात दिली.

"तूच चल की गं."

"मी नाय येत."

"पाय तुजा, लाज तुजी, आन् फेऱ्या माज्या."

शनिवारी बूट आले. पांढरे, कडेला गुलाबी रेघ, बायकांचे. लांबीला अगदी बरोबर. घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या तर करंगळी पेटली. मालकांनी विचारलं तेव्हा मात्र म्हटलं, "बरोबर हायेत."

रविवारची सकाळ माझी मलाच आवरेना. भाकरी थापायला बसले आणि मधेच उठून बूट घातले. काढले. कापूस घालून पाहिला, मग जाड मोजे घातले, तर आणखीच आवळले. चालून सैल होतील, असं स्वतःला सांगत होते. पण पुसायच्या खोलीत करंगळीपाशी फाटलेले बूट मी कितीतरी पाहिले होते, आणि ते घालून लंगडत येणारे मेंबरही. एक भाकरी करपली. सोमवार उद्यावर आलेला.

मालक दारातून बघत होते. "नाचतेस का काय?"

मग सांगावंच लागलं. "चावतायत. तुमीच बदलून आणा ना."

"हीर तीच, तर बूटबी तेच येतील. चल, बस टेंपोत."

दुकानदार पांढऱ्या केसांचे होते. मला स्टुलावर बसवून ते खाली वाकले, तसा मी पाय साडीत घेतला.

"काका, तुमी वडीलधारे. पायाला हात नका लावू."

ते तसेच थांबले. मग विचारलं, "हीर बसून मोजली का उभ्यानं?"

"बसून."

"बसलेला पाय वेगळा, उभा पाय वेगळा. भार पडला की पसरतो. आणि बाई, हिरीला रुंदी कुठं असते?"

त्यांनी खोक्याचं झाकण जमिनीवर ठेवलं आणि पेन आमच्या मालकांकडे दिलं. "हिचा पाय तुम्ही आखा."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मालक गुडघ्यावर बसले. लग्नात सात पावलं चालवताना त्यांनी माझ्या पायाचा अंगठा धरला होता, त्यानंतर पायाला हात आजच.

"हलू नको गं. पाय हाय का सूप?"

आखलेला पाय पाहून दुकानदार म्हणाले, "या पायाला बायकांचा बूट अरुंदच होणार. पुरुषांचा लहान नंबर घ्या." त्यांनी करड्या रंगाचा जोड काढला. मी तो वाकवला, टाच दाबली, एक काटा फिरवून काढला आणि परत बसवला.

"कुठं शिकलात?"

"मेंबरांचे बूट पुसून."

दुकानाबाहेर स्कूटर चढवायचा सिमेंटचा उतार होता. त्यावर तीनदा वर-खाली केलं. बोटं आत मोकळी पडली होती. "हेच द्या," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला.

तरी सोमवारी जिवाला स्वस्थता नव्हती. नेमके तेच म्हातारे मेंबर वाट्याला आले. उतारापाशी ते पुढे गेले आणि मी वरच थांबले. गवत ओलंच होतं. बॅगेचा पट्टा घट्ट धरून टाच आधी टाकली. काटे रुतले. दुसरा पाय टाकला, त्यानंही जमीन धरली. तशीच एकेक पाऊल टाकत खाली पोचले.

ते माझ्या पायांकडे बघत होते. "नवे दिसतात. पण पुरुषांचे आहेत ना?"

पाय लपवायला तिथे साडी नव्हती, गणवेशाची पँट होती.

"हो," मी म्हटलं, "माजा पाय रुंद हाय."

त्यांनी मान हलवली आणि लांब काठी मागितली. मी काढून दिली.