बोंबलांच्या जोड्या

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण माझ्या आईचे आहे. थळच्या किनाऱ्यावर ती बोंबील वाळवी. तिला अक्षरओळख नव्हती.

गावच्या शाळेचे मास्तर सकाळी आपल्या ओटीवर चार-पाच मुलांना इंग्रजी शिकवत. अलिबागच्या इंग्रजी शाळेत जायचे तर त्यांची चिठ्ठी लागे. आई ती मागायला आली, तेव्हा त्यांनी माझी वही उघडली. विक्रीच्या ‘सेल’ला मी शिडाच्या ‘सेल’चे स्पेलिंग लिहिले होते. ते आईकडे बघून म्हणाले, “ह्याच्या कानांत खारं पाणी गेलंय गं. ने ह्याला, बोंबलांना लाव.” मुले हसली. आईही हसली, कारण तिला वाटले, हसायचे असते. तिचे ते हसू मी मास्तरांना आजतागायत माफ केलेले नाही.

दुसऱ्या दिवशी वाळवणापाशी तिने विचारले, “कोनचं शबुद सारखं वाटतान तुला?”

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकत असे. तिने ठरवले, एका जोडीला दोन शब्द. एक बोंबील समुद्राचा ‘सी’, दुसरा पाहण्याचा. मी दोघांचे स्पेलिंग घडाघडा म्हणायचे. स्पेलिंग तिला कळत नसे, पण माझे अडखळणे कळे. “न्हाय लागली, बाला,” म्हणून ती जोडी खाली काढी.

वर्षभराने तिने मला चिठ्ठीवाचूनच अलिबागला चालत नेले. तिथल्या हेडमास्तरांनी फळ्यापाशी उभे करून माझी परीक्षा घेतली आणि नाव दाखल केले.

मुंबईत निकाल लागला त्या दिवशी मी आईला पत्र लिहिले. गावचे टपाल मास्तरांकडेच असे. ज्याचे पत्र त्याला ते ओटीवर, चारचौघांत वाचून दाखवत. म्हणून मी अक्षर मुद्दाम ठळक काढले.

“आये,
मी बी. ए. पास झालो. हे पत्र जे वाचत आहेत त्यांनी मला चिठ्ठी दिली नव्हती. त्या दिवशी ओटीवर तू का हसलीस, ते मला ठाऊक आहे. आज हसू नको. वाचताना त्यांच्या तोंडाकडे बघत बस. ते मध्येच थांबले तर उठू नको, ‘पुढे वाचा’ म्हण. आणि खालची ओळ त्यांच्याकडून दोनदा वाचून घे.
तुझा मुलगा, बी. ए.”