पाच अक्षरांचा शब्द

तारेच्या किल्लीवरून मी बोट उचललं की तारमास्तर तिच्यावर स्पिरिटचा बोळा फिरवायचे. त्यांच्या भाच्यानंतर नाही. फक्त माझ्यानंतर. एकदा बोळा फिरवता फिरवता ते म्हणाले, "याचा हात तारेला लागला म्हणजे विटाळ थेट सुरतेपर्यंत पोचला." तिकीटबाबू हसले. भाचा हसला. मीही थोडा हसलो. त्या दिवसातलं बाकी सगळं विसरलो, माझं हसणं विसरलेलो नाही.

तापीकाठच्या त्या स्टेशनावर सिग्नलरची, म्हणजे तार वाजवणाऱ्याची, एक जागा निघणार होती. उमेदवार दोन. मास्तरांचा भाचा आणि मी. मी महारवाड्यातला, इंग्रजी चार इयत्ता झालेला. माझा बा त्याच लाइनीवर गँगमन होता. रुळाखाली खडी ठोकून त्याने मला शिकवलं. वरच्या तारेतून जाणारा निरोप आपल्या मुलाच्या हातून जावा, एवढंच त्याला हवं होतं.

स्टेशनात किल्ली एकच. दिवसातून पाव तास ती माझ्या वाट्याला यायची. उरलेला सराव मी घरी तंबाखूच्या डबीवर करायचो. बा शेजारी बसून ऐकायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मी थांबलो की विचारायचा, "थांबना काबरं?"

परीक्षेची अट मिनिटाला वीस शब्दांची. म्हणजे पाच मिनिटांत शंभर. एकाने किल्ली वाजवायची, दुसऱ्याने पलीकडच्या टेबलावर ऐकून उतरवायचं. आधी भाचा बसला. मी उतरवत होतो. अप, डाउन, ऑन, ॲट, लेट. दोन अक्षरं, चार अक्षरं. मधल्या वेळात माझी पेन्सिल रिकामी राहायची. त्याचे शंभर शब्द वेळेत झाले. पास.

मग मला कागद मिळाला. मास्तरांनी स्वतः लिहिलेला. त्यावर नुसती गावं. म्हसावद. नंदुरबार. ब्राह्मणपुरी तर पुन्हा पुन्हा. इंग्रजीत तिची अकरा अक्षरं होतात. मी चुकलो नाही, थांबलो नाही. मनगट भरून आलं. पाच मिनिटं झाली तेव्हा मी बासष्टाव्या शब्दावर होतो.

"मिनिटाला बारा," मास्तर म्हणाले. "नापास."

भाचा हळूच म्हणाला, "मामा, याचे शब्द लांब होते." मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मास्तरांच्याच कपाटात तारेचं पुस्तक होतं. ते मी पाठ केलं होतं. शब्द लहानमोठे असतात, म्हणून वेग काढताना अक्षरं मोजायची आणि पाचाने भागायचं, असा त्यात नियम होता. दोन्ही कागद माझ्यापुढे होते. मी तिथेच उभ्याने मोजू लागलो. भाच्याची साडेतीनशे अक्षरं. म्हणजे सत्तर शब्द, मिनिटाला चौदा. माझी पाचशे साठ. म्हणजे एकशे बारा शब्द, मिनिटाला बावीस आणि वर थोडे.

मी हे त्यांना सांगितलं. शांतपणे सांगितलं.

"शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "तुझ्यासाठी काय वेगळा रूळ टाकू?" आणि निकालाच्या कागदासोबत शाईची गादी माझ्याकडे सरकवली. "अंगठा लाव."

"मला सही येते."

"येत असेल. अंगठा लाव."

त्यांनी बाला कामावरून बोलावून घेतलं. बा दाराबाहेर उभा राहिला, वहाणा हातात घेऊन. आत यायची त्याला मुभा नव्हती. तिथूनच मला म्हणाला, "भाऊ, लाई दे अंगठा. मन्ही नोकरी शे."

दारात बा, टेबलापलीकडे मास्तर, मध्ये मी. अंगठा दिला तर मी बारा शब्दांचा अडाणी. नाही दिला तर बाची भाकरी जाणार. मी गादी मागे सारली. टाक उचलला. निकालाच्या खाली लिहिलं, अक्षरं पाचशे साठ, मिनिटाला बावीस शब्द. खाली सही केली. परीक्षेचे दोन्ही कागद खिशात घातले आणि बाहेर पडलो. मागे मास्तरांनी निकाल फाडला. तो आवाज मला ऐकू आला.

नोंदवहीत माझ्या नावापुढे बाराच राहिले, जागा भाच्याला मिळाली. महिन्याभरात बाची बदली झाली. लांबच्या गँगवर, जिथे प्यायचं पाणीही मैलभरावरून आणावं लागे. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "वर अर्ज करू नको. मी शे तवलोंग चूप ऱ्हाय." तो आहे तोवर गप्प राहायचं, हे मी कबूल केलं. तळोद्याला शाळामास्तर झालो. सात वर्षं गप्प राहिलो. मुलांना भागाकार शिकवताना पाचाने भागायची वेळ आली की मी फळ्यावर पाचशे साठच लिहायचो.

तेरा दिवसांपूर्वी शाळेत तार आली. इंग्रजीत चार शब्द. वडील वारले, लवकर ये. रडण्याआधी मी अक्षरं मोजली. माझा हात तसाच वळलेला आहे. एकवीस. मिनिटाला शंभर अक्षरं धरली तर तेरा सेकंद. तेवढ्यात कुणाच्या तरी बोटाखालून माझा बा गेला. ते बोट कुणाचं, हे मला कळायला मार्ग नाही. तारेच्या या टोकाला कुणालाच ते कळत नाही. मग सुरतेला विटाळ कुठून पोचणार होता?

काल बाचा तेरावा झाला. माझं वचनही तिथे संपलं.

ट्रंकेतले दोन्ही कागद मी काढून ठेवले आहेत. पिवळे झालेत, अक्षरं शाबूत आहेत. उद्या ते घेऊन वरच्या साहेबापुढे उभा राहणार आहे. ती जागा मला नको. माझ्या नावापुढे बाराऐवजी बावीस हवेत. विश्वास बसत नसेल तर मी तिथेच किल्ली मागेन.

आणि माझं बोट किल्लीवर असताना कुणी बोळा पुढे केला, तर मी हात काढणार नाही.