सुनंदाबाईंच्या अंगातलं पाणी

"या बाई चोरून खातात," सर सुनंदाबाईंच्या देखतच मला म्हणाले. "डाएट आणखी कडक करा."

मी सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. सर इथले वरिष्ठ डॉक्टर. सुनंदाबाई मंद्रूपकडच्या अंगणवाडी सेविका, वय चाळिशीतलं. हातपाय बारीक, पोट मात्र सुटत चाललेलं. सरांचं हेच वाक्य मागच्या भेटीत त्यांच्या सासूबाईंनी ऐकलं होतं. तेव्हापासून घरी खाण्याच्या कपाटाला कुलूप होतं.

"भाकरी अर्ध्यावर आणली, साखर सोडली. आता काय पाणीबी सोडू व्हय, मॅडम?" एवढंच सुनंदाबाई म्हणाल्या.

मी त्यांना बॉडी कॉम्पोझिशनच्या मशिनवर उभं केलं. हे मशिन अंगातून अगदी सौम्य करंट सोडतं. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडखळतो. त्यावरून पाणी, स्नायू, चरबी यांचा अंदाज येतो. चरबी जास्त, स्नायू कमी आणि पाणी फारच कमी निघालं. सर म्हणाले, पाणी पीत नसतील. मशिन बिघडलंय का बघायला मी स्वतः उभी राहिले. माझा रिपोर्ट नेहमीसारखाच आला.

मग जुने कागद मागितले. पिशवीच्या तळाशी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड होतं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यावरची गाठ काढलेली. थायरॉइडच्या, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. ग्रोथ हॉर्मोनही याच ग्रंथीतून येतं. ते कुणी तपासलंच नव्हतं, हे मी सरांना दाखवलं.

"आता त्यांची उंची वाढवायचीय का?" सर हसले.

माझं डोकंच फिरलं. मोठ्या माणसातही हे हॉर्मोन स्नायू टिकवतं, चरबी साठू देत नाही, मूत्रपिंडांना मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. सरही हे शिकलेलेच होते.

"सर, हॉर्मोनतज्ज्ञांकडे रेफर करा. नाहीतर तपासणीची गरज नाही, असं फाइलवर लिहून द्या."

त्यांनी रेफर केलं.

हॉर्मोनतज्ज्ञांनी औषधानं ग्रंथीला डिवचून रक्त तपासलं. हॉर्मोन जवळजवळ नव्हतंच. रोजचं छोटं इंजेक्शन सुरू झालं. महिन्याभरात वजन दीड किलोनं वाढलं आणि सासूबाई पुन्हा संशयानं बघू लागल्या. मशिननं दाखवलं, ते वाढलेलं पाणी होतं. मी रिपोर्टमधला एकेक आकडा सासूबाईंना समजावला.

"चोरून खाती म्हणून डाक्टरनीच सांगितलं की आमाला," सासूबाई म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी कुलूप काढलं.

वर्षभरात पोट उतरलं, दंड भरून आले. सुनंदाबाई अंगणवाडीतली लेकरं पुन्हा कडेवर घेऊ लागल्या. वजनकाट्यावरचा आकडा जवळपास पहिल्याइतकाच राहिला. सरांनी त्यांची माफी मागितली नाही. मी मात्र पथ्याबद्दल एक शब्द बोलण्याआधी आता जुने कागद बघते.