एकशे चाळीस मीटरचा शर्ट

पन्नाशीला टेकलेल्या ताईंनी प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलं, तेव्हा त्यांचे यजमान एवढंच म्हणाले, "आधी चष्म्याचा नंबर तपासून घे." ताई शाळांचे गणवेश शिवत. कुठल्या मापाला किती कापड लागेल हे कागदावर मांडता मांडता त्या मेटाकुटीला येत. तेवढं काम कॉम्प्युटरने करावं, एवढीच त्यांची हाव.

व्हिडिओ लावून बसल्या. शिकवणारा भरभर बोले, ताई मान डोलावत, आणि व्हिडिओ संपला की पाटी कोरी! दोनदा नाद सोडला.

वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी जाऊ नर्स होती. एकदा चहाला आली आणि म्हणाली, "ताई, शिकणं कुठवर आलं?"

"कसलं शिकणं! डोक्यात शिरतच नाही. कुणी शिकवायला असतं तर गोष्ट वेगळी."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण रोज चहाला मला सांगत जा, काल काय केलंत ते. मला समजेल असं हं!"

झालं! आता सांगायला काहीतरी हवं म्हणून ताई रोज थोडंथोडं लिहू लागल्या. एक दिवस प्रोग्रामची छातीचं माप विचारणारी ओळ, दुसऱ्या दिवशी बाहीचं विचारणारी. सांगताना अडखळल्या की त्यांनाच कळे, गाडं कुठे रुतलंय.

महिन्याभराने प्रोग्राम चालला. आठवीतल्या मुलाच्या शर्टाला उत्तर आलं : १४० मीटर.

"अगं बाई! शर्ट शिवताय की तंबू?" जाऊ हसून हसून बेजार. ताईंनाही हसू आवरेना. डोळे पुसतानाच त्या ओरडल्या, "अगं, मापं सेंटिमीटरमध्ये घेतली, शंभराने भागायचंच राहिलं!" एक ओळ बदलली. एक पूर्णांक चार दशांश मीटर. ताईंनी बसल्या जागी टाळी वाजवली.

शाळेच्या दोनशे गणवेशांचं काम आलं, तेव्हा आधी दहा शर्ट त्यांनी कागदावरही मांडून पाहिले. प्रोग्रामच्या उत्तराशी तंतोतंत जुळले. मग कात्री अशी चालली की विचारू नका. शेवटचा शर्ट कापल्यावर टेबलावर जेमतेम वीतभर तुकडा उरला. तो हातात धरून ताई यजमानांना दाखवत घरभर फिरल्या.

आता मुलींचे स्कर्ट हातात घेतलेत. त्यांना चुण्या, आणि चुण्यांचं गणित भलतंच वाकडं. चार दिवस झाले, उत्तर चुकतंय, आणि ताई मजेत आहेत.