जहाजावरचा दुसरा पलंग

धाकटीच्या तोंडात टाचण्या असल्या की बायकांना बोलायला विशेष हुरूप येई, कारण तिला उलट उत्तर देता येत नसे. गल्लीतल्या निम्म्या संसारांची गाऱ्हाणी तिने जमिनीवर गुडघे टेकून, कुणाच्या तरी झग्याचा घेर टाचताना ऐकली होती. "हं" आणि "अंहं" या दोन उत्तरांवर ती भागवून नेई.

त्या दिवशी स्टुलावर गाणंबाई उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या इमारतीत त्या गाणं शिकवत, आणि शिकवणी चालू असली की आसपासच्या दुकानांत रेडिओ लावायची सोय नसे. आज त्यांच्या हातात प्रवासाचं एक गुळगुळीत मासिक होतं.

"अगं, तुझी ताई छापून आलीये! पानभर फोटो! जहाजाच्या कठड्याला टेकून उभी आहे, निळा गाऊन घालून. दाताच्या दवाखान्यात दिसलं, तसं उचलूनच आणलं. डॉक्टर म्हणाले, बाई, ते इथेच बसून वाचायचं असतं. मी म्हटलं, यात आमच्या गल्लीतलं माणूस आहे, ते गल्लीतच जाणार."

धाकटीने मान वर करून पाहिलं. निळा गाऊन तिनेच शिवलेला. ताईचा डावा खांदा जरा उतरता होता. तो झाकायला धाकटी त्या बाजूला एक चुणी जास्त घालत असे. फोटोत दोन्ही खांदे अगदी सरळ दिसत होते. तिचे गाल टाचण्यांसकट फुगले.

ताई तिची थोरली बहीण. भावोजी एका जहाज कंपनीत नोकरीला होते. ते अचानक गेले तेव्हा ताई दोन ट्रंका घेऊन धाकटीकडे राहायला आली. खाली शिवणाचं दुकान आणि वर दोन खोल्या, एवढाच धाकटीचा पसारा. तिने लग्न केलं नव्हतं. स्थळं आली होती, पण आधी आईचं आजारपण आलं, मग दुकान आलं आणि मग चष्मा आला, असं ती स्वतःच हसत सांगे. भावोजींच्या नोकरीमुळे कंपनीने ताईला वर्षातून एकदा मोठ्या जहाजावरची सफर देऊ केली होती. ताईने ती एकही वर्ष चुकवली नाही. जुनी प्रवासी म्हणून कंपनीने तिला एक चांदीची पिनसुद्धा दिली होती.

सफर जवळ आली की धाकटी आधी गिऱ्हाइकांची कामं मागे सारी आणि ताईचे गाऊन शिवायला घेई. जहाजावर रात्रीच्या जेवणाला नटूनथटून जावं लागतं. तिथल्या बायकांची नजर फार बारीक असते, असं ताई सांगे. परत आली की आठ दिवस जहाजाशिवाय दुसरा विषय नसे. कप्तान काय म्हणाला, कुठल्या जिन्यावर वारा अंगाला झोंबतो, कुठला वाढपी न विचारता कॉफी आणून ठेवतो, हे सगळं धाकटीला आता डोळे मिटून सांगता आलं असतं. तिने स्वतः मात्र कापडाच्या घाऊक बाजारापलीकडे प्रवास केलेला नव्हता.

"तुला नेलं असतं गं," ताई दरवर्षी म्हणे. "पण कंपनी जागा एकटीचीच देते. काय करणार?"

"असू दे. दुकान कोण बघणार?" धाकटी म्हणे. खरंच तिला वाईट वाटत नसे. आपले गाऊन तर जाऊन येतात ना!

आता गाणंबाईंनी घसा साफ केला आणि भर मैफलीत बसल्यासारखं वाचायला सुरुवात केली. "'काही प्रवाशांना कुठेच पोहोचायचं नसतं. जहाज हेच त्यांचं गाव. इथल्या नोकरमंडळींत या बाई "आमच्या बाई" म्हणून ओळखल्या जातात. त्या जेवायला आल्या की सगळ्यांच्या माना वळतात. त्यांचे गाऊन कोण शिवतं, असं मी विचारलं, तेव्हा त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, माझी धाकटी बहीण...'"

इथे आवाज एकदम बसला.

"हं?" धाकटीने खालून विचारलं.

"काही नाही गं. पुढे असंच आहे काहीबाही."

"अंहं!"

गाणंबाईंनी चोरासारखं वाचलं, "'माझी धाकटी बहीण शिवायची. आता ती नाही. जगात माझं म्हणून तेवढंच एक माणूस होतं.'"

धाकटीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला खोचल्या. "परत वाचा."

त्यांनी परत वाचलं आणि मग त्यांचा नेहमीचा आवाज फुटला. "मारलं की गं तुला! चांगली हातीपायी धड बाई मारून टाकली! ही मासिकवाली माणसं म्हणजे..."

ताई वर पुस्तक वाचत पडली होती. धाकटीने मासिक तिच्यापुढे धरलं. ताईने फोटो पाहिला, मग मजकूर पाहिला. मजकुरावर ती जरा जास्त वेळ थांबली.

"ही माणसं काहीही लिहितात," ती मासिक मिटत म्हणाली. "वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणायचं असतं त्यांना. जिवंत शिंपिणीसाठी कोण रडणार?"

"तू असं म्हणाली नाहीस ना?"

"मी? तुझ्याबद्दल? वेडी का तू?"

धाकटीला इतकं हायसं वाटलं की खाली येऊन तिने ही गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगितली. गल्लीला चघळायला विषय मिळाला. दूधवाला म्हणाला, "बाई, तुम्ही गेलात म्हणे. मग अर्धा लिटर कमी करू का?" औषधवाल्याने तब्येतीची चौकशी मुद्दाम लांबवली. पण गंमत ओसरल्यावर सगळ्यांचा राग त्या लेख लिहिणाऱ्या बाईवर एकवटला. गाणंबाई तर रोज नवी शिवी शोधून आणत. धाकटीलाही वाटू लागलं की हे दुरुस्त करायला हवं. निदान छापून आलं पाहिजे की बाई हयात आहे. तिने मासिकाच्या कचेरीत फोन लावला. तिथून तिला लेखिकेचा नंबर मिळाला.

पलीकडून घोगरा, मोकळा आवाज आला. धाकटीने वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. "तुमच्या त्या जहाजाच्या लेखाबद्दल... त्यातल्या गाऊनबद्दल..."

"आलं लक्षात! तुम्हालाही तसा शिवून हवाय. अहो, सारखे फोन येताहेत. पण ती शिवणारी बाई राहिली नाही हो. मलाच एक शिवून घ्यायचा होता. पत्ता मागितला तर त्या बाईंचे डोळे भरून आले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं."

धाकटीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे त्यांनी स्वतः सांगितलं? लेखात थोडं रंगवावं लागत असेल ना?"

लेखिका मनापासून हसली. "रंगवते की! समुद्र जरा जास्त निळा करते, कप्तानाला चार बोटं उंच करते. जहाजावर चढलं की मी आधी वाढप्यांना विचारते, तुमचं सगळ्यात जुनं माणूस कोण? प्रत्येक जहाजावर असं एक असतंच. इंजिनाची ताकद कुणाला वाचायची नसते हो. डेकवर एकटी उभी असलेली बाई वाचायची असते. पण माणूस मेलं असं मी मनाने कसं लिहीन? आणि मला विचारणं भागच होतं. त्यांच्या खोलीत दोन पलंग ना."

"दोन?"

"यजमान कंपनीत होते, म्हणून त्यांना दोघांची खोली मिळते. बरोबर कुणालाही नेता येतं. मी म्हटलं, मग दरवर्षी एकट्याच का येता? तर म्हणाल्या, ती जागा माझ्या बहिणीची. ती गेल्यावर दुसऱ्या कुणाला आणावंसं वाटलं नाही. ते मी लेखात घेतलं नाही. फार खाजगी वाटलं."

"आणि गाऊन? ते तर नवे असतात ना?"

"जाण्याआधी पेटीभर शिवून ठेवले होते म्हणे तिने. काय माया म्हणायची! हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतेय," धाकटी म्हणाली. "बरं, ठेवते." आपण कोण, हे तिने सांगितलंच नाही.

समोर मशीनवर पुढच्या सफरीसाठी कापलेलं राखाडी कापड पडलं होतं. ती त्याच्याकडे बघत बसली. लेखिकेचा तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्या बाईने एक शब्द पदरचा घातला नव्हता. उलट एक सोडूनच दिला होता. राग धरायला माणूस उरलं होतं ते वरच्या खोलीत.

ती वर गेली. "ताई, जहाजावर तुझ्या खोलीत पलंग किती?"

ताईचा हात कपाटाच्या दारावर थांबला. "तू फोन केलास?" मग लगेच, "तू कोण ते सांगितलंस तिला?"

"हे आधी विचारतेस?"

ताई खाली बसली. तिने पदर सारखा केला. "तुला काय ठाऊक आहे गं? इथे मी कोण? शिवणाच्या दुकानावर बहिणीकडे राहणारी बाई. तिथे माझ्यासाठी खुर्ची ओढून धरतात. तू आली असतीस तर पहिल्याच दिवशी टेबलावरचं कापड चाचपून भाव सांगितला असतास. कुणाच्या कोटाची शिवण उसवलेली दिसली की तिथेच सुईदोरा काढला असतास."

"काढला असता. मग?"

"मग त्यांना कळलं असतं."

"काय?"

"आपण कोण ते."

धाकटीला वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाज निघाला तो गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा. "म्हणून मला मारलंस."

"ठरवून नाही गं! बहीण येत नाही म्हटलं की पुढच्या वर्षी घेऊन या म्हणायचे. दरवर्षी तेच. एकदा तोंडातून निघून गेलं, मग परत कसं घ्यायचं? सगळे इतके हळवे झाले. त्यानंतर कुणी तुझा विषयच काढला नाही." मग जपून ठेवलेली एखादी वस्तू हातात ठेवावी तशी ती म्हणाली, "आणि पलंग रिकामा नसायचा. तुझेच गाऊन पसरून ठेवायचे त्याच्यावर."

धाकटी जिना उतरून खाली आली.

मग काही दिवस दोघी एकाच चुलीवर चहा करत आणि वेगवेगळ्या खोलीत पीत. एके दुपारी ताई दुकानात येऊन मशीनजवळ उभी राहिली. "या वेळी चल. खरंच चल. मी सांगेन, मावसबहीण आहे म्हणून."

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे धाकटी क्षणभर हरखली. कुठला रंग नेसावा, राखाडी कापडात आपलाही एक गाऊन बसेल का, इथपर्यंत ती पोहोचली. वाऱ्याचा जिना, न विचारता कॉफी आणणारा वाढपी. मग तिने विचारलं, "आणि मावसबहिणीला कुणी विचारलं, ताईचे गाऊन कोण शिवायचं, तर?"

ताई घुटमळली. "तर काय? तिनेच, म्हणायचं. ती गेली ती."

धाकटीने मशीनचं चाक फिरवलं आणि अर्धवट राहिलेली शिवण पूर्ण केली. ती शिवण ताईची नव्हती.

पुढच्या आठवड्यात गाणंबाई झगा न्यायला आल्या त्या पलटण घेऊनच. मागे औषधवाला आणि दूधवाला. धाकटी इस्त्री करत होती.

"ठरलं!" गाणंबाई उंबऱ्यातूनच गरजल्या. "आज त्या मासिकाच्या कचेरीवर जायचं. बोलायचं काम माझं. तू फक्त पुढे उभं राहायचंस. तू जिवंत दिसलीस की निम्मं काम झालं."

"मी दुकान बंद करून आलोय," औषधवाला म्हणाला. "असल्या माणसांना धडा शिकवलाच पाहिजे. उद्या कुणालाही मारतील."

जिन्यावर पाऊल वाजलं. ताई अर्ध्या जिन्यात थांबली होती. तिला वरून सगळं ऐकू आलं असणार. तिने धाकटीकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. अगदी किंचित. लहानपणी आईपुढे काही बोलू नकोस म्हणून हलवायची, तशी. धाकटीने काही करायची गरजच नव्हती. जाऊ द्या हो, कशाला भांडण, एवढं म्हटलं असतं तरी लोक परत गेले असते आणि खापर कायमचं त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईवर राहिलं असतं.

धाकटीने इस्त्री उभी केली.

"जाऊ नका," ती म्हणाली. "त्या बाईने खोटं काही लिहिलं नाही. तिला जे सांगितलं, तेच तिने लिहिलं."

"सांगितलं? कुणी सांगितलं?" गाणंबाईंचा आवाज इतका खाली उतरलेला गल्लीने कधी ऐकला नव्हता. मग त्यांची नजर आपोआपच जिन्याकडे गेली. त्यांच्यामागोमाग औषधवाल्याची. दूधवाल्याने मात्र मान खाली घातली आणि पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

धाकटीने झगा कागदात गुंडाळून गाणंबाईंच्या हातात दिला. "कमरेत जरा सैल ठेवलाय. गाताना श्वास घ्यायला बरा."

माणसं एकेक करून बाहेर पडली. ताई अजून तिथेच उभी होती, कठड्याला धरून.

"हे काय केलंस?" ती म्हणाली. "आता मी या गल्लीत तोंड कसं दाखवू?"

"तुला जहाज आहे, ताई," धाकटी म्हणाली. "मला एवढी गल्लीच आहे."

आणि तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली, पण ती तोवर गार झाली होती.